आठ नंबरचे छर्रे आणि घोड्याच्या शेपटीचे केस

निवडणूक जाहीर झाली की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांत परवान्याच्या बंदुका जमा होऊ लागतात. कंधार, उदगीर, औसा, देगलूर अशा गावांतील जुन्या घरांतून त्या येतात. कुणी चामड्याच्या खोळीत घालून आणतो, कुणी जुन्या धोतरात गुंडाळून. बहुतेक बंदुका १२ बोअरच्या असतात. मात्र अधूनमधून एखादी सडपातळ, हलकी, पोरसवदा हातांसाठी घडवल्यासारखी बंदूक निघते. तिच्या नळीवर २८ किंवा ४१० असा आकडा कोरलेला असतो. तिची काडतुसे घरात कुणी कित्येक वर्षांत पाहिलेली नसतात. मालकाला इतकेच ठाऊक असते की ती आजोबांची होती आणि आजोबा तिने लावे मारीत.

मराठवाड्याचा इतिहास म्हटला की वेरूळ, देवगिरी, उदगीरची लढाई आणि मुक्तिसंग्राम आठवतो. या बारक्या बंदुकीला त्यात जागा नाही. तरीही तिचा माग काढत गेले तर एक प्रश्न हाती लागतो, आणि तो आजही मिटलेला नाही. त्याच शेतातला तोच तितर दोघे जण पकडीत असत. त्यांतल्या एकाला शिकारी म्हटले गेले आणि दुसऱ्याला गुन्हेगार. असे का झाले?

आधी आकड्यांचा उलगडा केलेला बरा. ‘बोअर’ हे माप उलटे चालते. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअरची नळी. अठ्ठावीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून नळीही अरुंद. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, २० बोअरचा १५.६ आणि २८ बोअरचा १४ मिलिमीटर. ४१० हा आकडा या कुळातला नव्हे. तो सरळ इंचाचा हिशेब आहे, ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिलिमीटर. अंगठीत मावेल न मावेल अशी ही नळी. १२ बोअरच्या काडतुसात साधारण ३० ग्रॅम छर्रे भरतात, तर ४१० च्या आखूड काडतुसात जेमतेम १२ ग्रॅम. तितरासाठी सहा नंबरचे छर्रे आणि लाव्यासाठी त्याहून बारीक, आठ नंबरचे. इंग्रजी मापाच्या आठ नंबरचे छर्रे एका औंसात सुमारे ४५० भरतात. मोहरीच्या दाण्यापेक्षा फारसे मोठे नाहीत.

इंग्लंडात ४१० ही जमीनदाराच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा दिली जाणारी बंदूक. हिंदुस्थानात तिने आणखी एक रूप घेतले. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून त्यांच्या ४१० मस्कटी बनवल्या जात आणि त्या पोलिसांना व पहारेकऱ्यांना दिल्या जात. १८५७ चा अनुभव घेतलेल्या सरकारला देशी माणसाच्या हाती लांब पल्ल्याचे हत्यार नको होते. एकाच मापाची नळी साहेबाच्या मुलाकडेही होती आणि पोलीस शिपायाच्या खांद्यावरही होती. ही गोष्ट पुढे पुन्हा आठवावी लागेल.

आता जमिनीकडे वळू. आजचा लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्याआधीचा त्याचा इतिहास उस्मानाबादचा आणि त्याहून आधी, १९५६ पर्यंत, हैदराबाद राज्याचा. किनवट-माहूरकडचे सागाचे जंगल सोडले तर हा सारा मुलूख उघडा आहे. मांजरा, मन्याड, तेरणा यांच्या काठची काळी जमीन, तिच्यावर रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा, आणि जिथे नांगर लागत नाही तिथे कुसळी गवताचे माळ. वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेला हा प्रदेश नव्हे. येथील शिकार पायांखालची होती: तितर, लावा, पखुर्डी, थंडीत तळ्यांवर उतरणारी बदके, आणि माळावर क्वचित माळढोक.

लाव्यांतील एक जात पाहुणी आहे. पावसाळा सरत असताना ती उत्तरेकडून येते, रब्बीच्या पिकात हिवाळा काढते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जाते. मुठीएवढा हा पक्षी हिमालयापलीकडून येतो हे त्याच्याकडे पाहून खरे वाटत नाही. तितर मात्र पक्का गावकरी. आपले नाव तो स्वतःच उच्चारतो. पहाटे बांधावर चढून ‘क-ती-तर, क-ती-तर’ असा जो गजर करतो त्यावरूनच लोकांनी त्याला नाव दिले असावे. पखुर्डीचे वेळापत्रक तर सरकारी कचेरीहून काटेकोर. दाणे टिपून झाले की सकाळी आठ-नऊच्या सुमारास थवेच्या थवे ठरलेल्या पाणवठ्यावर उतरतात. नर पोटाची पिसे भिजवून पिलांसाठी पाणी नेतो. त्याच्या या निष्ठेचाच फायदा घेऊन बंदूकवाले पाणवठ्याकाठी दबा धरून बसत.

बंदुकीपूर्वी येथे बाज होता. नांदेडजवळ गोदावरीकाठी ‘शिकार घाट’ नावाचा गुरुद्वारा आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला असताना त्यांनी येथे शिकार केली, अशी शीख परंपरेची आठवण आहे आणि स्थळाच्या नावात ती टिकून आहे. गुरूंच्या चित्रांत त्यांच्या हातावर दिसणारा बाज हा त्या काळातील शिकारीचे मुख्य साधन होता. शिकवलेल्या पक्ष्याने रानातला पक्षी धरायचा, ही कला मोगल छावण्यांबरोबर दख्खनभर फिरली. ठासणीची बंदूक दुसऱ्या बारासाठी पुन्हा भरणे वेळखाऊ होते: नळीत दारू ठासा, वर छर्रे ठासा, टोपी बसवा, तोवर लावा दुसऱ्या शेतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायची बंदूक आली आणि सारे पालटले. काडतूस घालायचे, नळी मिटायची, चाप ओढायचा. हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत इंग्रज अधिकारी या भागात वस्तीला असत. कवायत संपल्यावर करायचे काय, या प्रश्नाचे त्यांच्यापैकी अनेकांचे उत्तर लावा हेच होते. त्यांच्यासाठी ग्रंथही तयार होत होते. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील शिकारी पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध केला. हे ह्यूम म्हणजे तेच, ज्यांचे नाव १८८५ च्या काँग्रेस स्थापनेच्या धड्यात येते. शालेय पुस्तक त्यांची ही दुसरी ओळख सांगत नाही, हे थोडे नवलाचेच.

निजामी मुलखातील जहागीरदार, देशमुख आणि मुलकी अंमलदार यांनी ही रीत लवकरच उचलली. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्याने देशी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे बंद झाले होते. संस्थानाचा कारभार वेगळा होता, पण बंदूक ही सरकारच्या मर्जीची खूण होती, यात फरक नव्हता. १२ बोअरची दुनळी ओसरीत टांगायला. आणि घरातल्या मुलाला, किंवा लाव्यांचा खास शौक असणाऱ्याला, २८ किंवा ४१०. पितळी काडतुसे पुन्हा पुन्हा भरता येत. घरीच दारू मोजायची, वर बुच बसवायचे, छर्रे टाकायचे. पावसाळी संध्याकाळी सोप्यावर बसून काडतुसे भरणे हाही या शौकाचाच भाग होता.

अशा शिकारीची सकाळ कशी असे, हे ताडणे कठीण नाही. दव वाळायच्या आत निघायचे. सात-आठ माणसे ओळ धरून कापणीनंतरच्या धसकटांतून चालत. ती गावातलीच, आणि ‘यायला जमेल का’ असे त्यांना कुणी विचारलेले नसे. निजामी अंमलात वेठबिगार ही रोजची गोष्ट होती. ओळीच्या मध्ये बंदूकवाला. लावा शेवटपर्यंत दबून बसतो आणि पायाशी आल्यावर भुर्रकन उठतो, जमिनीलगत सरळ जातो आणि शंभरेक पावलांवर पुन्हा उतरतो. बार काढायला दोन-तीन क्षण मिळतात. जड बंदूक खांद्याला लागेपर्यंत ते संपतात. म्हणून हलकी बंदूक बरी. ४१० चा परिणाम वीस-पंचवीस पावलांपर्यंत, त्यापुढे छर्रे विरळ होतात.

या शिकारीचे काही अलिखित नियम होते. बसलेल्या पक्ष्यावर बार टाकू नये. पळणाऱ्या तितरावर तर मुळीच नाही, त्याला आधी उडू द्यावे. लहान बोअर वापरणारा स्वतःला अधिक उमदा समजे, कारण छर्रे कमी म्हणजे पक्ष्याला निसटण्याची संधी अधिक. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण तपासून पाहावा असा आहे. विरळ छर्ऱ्यांतून पक्षी निसटतो हे खरे. पण एखाद-दुसरा छर्रा लागूनही तो निसटतो. मोडक्या पंखाने तुरीत शिरलेला तितर संध्याकाळपर्यंत कोल्ह्याच्या किंवा खोकडाच्या तोंडी पडतो. त्याची गणना शिकारीच्या वहीत होत नाही. नेम पक्का असणाऱ्याच्या हाती ही बंदूक उमदी ठरेल. पण ती तर बहुधा शिकाऊ मुलाच्या हाती दिली जात होती.

ओळीच्या पुढे आणखी एक माणूस चालत असे. कोणत्या बांधाखाली तितराची जोडी आहे, लावे काल रात्री कोणत्या शेतात उतरले, वारा कुठून आहे, हे सारे तोच सांगे. बहुतेक वेळा तो फासेपारधी असे.

फासेपारध्याचे नावच त्याच्या हत्यारावरून पडले आहे. घोड्याच्या शेपटीचे केस वळून त्याचे सरकफास करायचे, बारीक खुंट्यांना ते ओळीने बांधायचे आणि ती ओळ पक्ष्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर मांडायची. केस असा की मातीच्या रंगात दिसत नाही, दवाने सैल पडत नाही आणि पक्ष्याच्या पायाला कापीतही नाही. तितरासाठी दुसरी युक्ती. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून रानात ठेवायचा, भोवती फास. तो बोलला की त्या भागाचा मालक असलेला रानटी नर भांडायला धावून येतो आणि अडकतो. गायपारधी म्हणवणारे शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ सरकत; गाय चरत चरत पुढे जाई आणि पक्ष्यांना तिचे भय वाटत नसे. या साऱ्यासाठी पक्षी काय पाहतो, काय ऐकतो, कशाने चिडतो, हे ठाऊक असावे लागते. बंदुकीला इतके ज्ञान लागत नाही.

आणखी एक फरक आहे. फासात सापडलेला पक्षी जिवंत असतो. मादी असेल, अंड्यांचा हंगाम असेल तर ती सोडून देता येते. पारधी ती नेहमीच सोडीत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पोटाला भूक असताना कोणीही हिशेब बदलतो. पण सोडण्याची सोय त्याच्या साधनात होती. छर्ऱ्यात ती नाही.

इतके असूनही ‘उमदा’ हा शब्द बंदुकीला मिळाला आणि फास चोरटा ठरला. पक्ष्याला उडू न देता पकडणे हे इंग्रजी शिकारनीतीत हीन होते, आणि ती नीती येथील वाड्यांनीही जशीच्या तशी स्वीकारली. पुढचे काम कायद्याने केले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. माणूस अमुक जमातीत जन्मला एवढ्यावरून त्याने पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. लातूरच्या बाजूने निघालेले पारध्यांचे पाल सोलापूरकडे सरकले की ते ब्रिटिश हद्दीत शिरे, आणि सोलापुरात तर अशा जमातींसाठी काटेरी तारेची वसाहत होती. सीमेच्या अलीकडे, निजामी मुलखातही पोलिसांची नजर काही मायेची नव्हती. फिरस्ता शिकारी या माणसाचे फिरणेच बेकायदा झाले, तर शिकार कशी चालणार? हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कागदावरून शिक्का पुसला गेला. ठाण्यातल्या सवयीतून तो पुसायला फार वेळ लागला. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले. ते दुसऱ्या जमातीचे आहे, पण हा शिक्का म्हणजे काय, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी ते वाचावे.

विज्ञानाची वाटही प्रथम बंदुकीच्या बाजूने गेली. १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने हैदराबाद संस्थानाचे पक्षी सर्वेक्षण केले आणि त्याचा वृत्तान्त मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आला. त्या काळी सर्वेक्षण म्हणजे पक्षी मारून, त्याचे कातडे सोलून, कापूस भरून, चिठ्ठी बांधून ठेवणे. लहान पक्ष्यांसाठी लहान बोअरची बंदूक आणि धुळीसारखे बारीक छर्रे हे सर्वच संग्राहकांचे नेहमीचे साधन होते. जाड छर्ऱ्याने कातड्याची चाळण होई. यात आज कुणाला धक्का बसेल, पण दुर्बिणीतून जाती ओळखण्याचे शास्त्र त्या कातड्यांवरच उभे राहिले.

मग १९५९ च्या सुमारास त्याच सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. आता पक्षी जिवंत हवे होते, हजारोंनी हवे होते, आणि पायात कडे घालून सुखरूप सोडायचे होते. बंदूक निरुपयोगी ठरली. सालिम अलींनी बिहारमधील मीरशिकार या पारंपरिक पक्षी पकडणाऱ्यांना बोलावले. त्यांतील अली हुसेन यांचे नाव पुढे पक्षीशास्त्रज्ञांत आदराने घेतले जाऊ लागले. ज्या कौशल्याला चोरटे म्हटले गेले होते, तेच प्रयोगशाळेच्या कामी आले. मराठवाड्याच्या पारध्याकडे असे बोलावणे आले नाही.

त्याच्याकडे १९७२ आले. त्या वर्षीचा दुष्काळ मराठवाड्याच्या कोणत्याही घरात अजून सांगितला जातो: खडी फोडण्याची कामे, परदेशातून आलेली लाल मिलो, सुकडी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तितर, लावा, पखुर्डी यांची नावे त्याच्या चौथ्या अनुसूचीत आली. कायद्याची गरज होती, यात शंका नाही. माळढोकाची गत काय झाली ते सर्वांसमोर आहे. पण मूळ कायद्यातली एक तरतूद बहुतेकांना ठाऊक नसते. त्यात शिकारीचे परवाने होते. मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा, आणि सापळ्याने पकडण्याचाही वेगळा. म्हणजे कायद्याने फास तत्त्वतः मान्य केला होता. पण परवान्याच्या अर्जावर पत्ता लिहावा लागतो, आणि ज्याचे घर म्हणजे पाल, त्याने तो काय लिहायचा? बंदूकवाल्याला ही अडचण नव्हती. १९९१ च्या दुरुस्तीने हे सारे परवाने बंद झाले आणि मग दोघेही सारखे झाले. एक शौकाला मुकला, दुसरा पोटाला.

बंदूकवाल्याने फारशी तक्रार केली नाही. तोवर काडतुसेच मिळेनाशी झाली होती. १२ बोअरची खडकीच्या कारखान्यात बनत राहिली. २८ आणि ४१० यांची दुर्मीळ होत गेली. शेतही बदलले. लातूर आता सोयाबीनच्या बाजाराचे गाव आहे. जिथे रब्बीची ज्वारी उभी असे आणि तिच्या बुडख्यांत लावे दबून बसत, तिथे पावसाळी सोयाबीन निघाल्यावर जमीन उघडी पडते किंवा हरभऱ्यावर फवारणी चालू असते. माळ नांगराखाली गेले. शिकार थांबल्यावर पक्षी वाढायला हवे होते. लाव्यांची उतरण पाहिलेली म्हातारी माणसे मात्र वेगळे सांगतात.

नांदेडच्या उत्तरेकडे, वाशीम-अकोल्याच्या भागात, काही फासेपारधी वस्त्यांनी तणमोरासाठी गवताची राने राखायला घेतली आहेत. तणमोर कुठे नाचतो, कुठे अंडी घालतो, हे शोधायला त्यांना यंत्र लागत नाही.

आणि ठाण्यात जमा झालेली ती बारकी बंदूक मतमोजणीनंतर पुन्हा घरी जाते. परवान्याच्या नूतनीकरणात ती कशासाठी हवी, हे लिहावे लागते. शिकार असे आता लिहिता येत नाही, म्हणून बहुतेक जण पीकसंरक्षण असे लिहितात. तितर वाळवी आणि किडे वेचून खातो, आणि तेही त्याच शेतात.